चौथं ब्लेड

"साहेब, काल तुमी गेल्यावर चांगलं हुतं. आज सकाळपासनं पुन्हा तुटायलंय."

फोनवर आशाताई होत्या. नगरजवळच्या केडगावातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी नुकताच डबा उघडला होता. त्यांच्या मशीनचं ब्लेड मी तिसऱ्यांदा बदलून आलो होतो. करंजी घाट चढून जायचं, कामं उरकून परत यायचं, आणि दुसऱ्या दिवशी हाच फोन. माझं वय अठ्ठावन्न. गुडघ्यांचं विचाराल तर ते माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असावेत.

आमची कंपनी भाज्या कापायची छोटी यंत्रं बनवते आणि मी सर्व्हिस बघतो. म्हणजे विकताना गोड बोलायचं काम दुसऱ्यांचं, आणि नंतर जे काही ऐकून घ्यायचं असतं ते माझं. आशाताईंकडे होतं ते स्पायरल कटर. जत्रेत काडीवर लांबच लांब स्प्रिंगसारखा तळलेला बटाटा मिळतो ना, तो कापायचं यंत्र. बटाट्यात लांब काडी खुपसायची, तो यंत्रात अडकवायचा आणि हँडल फिरवायचं. बटाटा गोल फिरत पुढे सरकतो, समोरचं ब्लेड त्याची एकच अखंड पट्टी काढत जातं. मग ती पट्टी काडीवर हाताने ताणून पसरायची, पिठात बुडवायची आणि तळायची. हॉटेलवाले यावरच गाजर, बीट, काकडीच्या सुरळ्या काढतात आणि सॅलडच्या डिशमध्ये ठेवतात. त्या कुणी खात नाही, पण डिश भरल्यासारखी दिसते.

यातली सगळी गंमत पट्टी अखंड राहण्यात आहे. ती मध्येच तुटली की काडीवर स्प्रिंग होत नाही, नुसते काप होतात. आणि काप खायला कुणी गाड्यावर येत नाही, ते घरीही होतात.

आशाताईंचं गाव पाथर्डीच्या पुढे. शाळेच्या कोपऱ्यावर त्यांचा गाडा, शिवाय बाजाराच्या दिवशी बाजारात. मोटरचं मॉडेल त्यांनी घेतलं नव्हतं, कारण गाड्यावर लाइट कुठून आणणार. हाताने फिरवायचं साधं मॉडेल होतं. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही, म्हणून तर मला जास्त वैताग आला होता.

पहिल्या खेपेला मी ब्लेड आणि त्यामागच्या चकतीमधली फट तपासली. आम्ही तिला गॅप म्हणतो. गॅप बरोबर होती. दुसऱ्या खेपेला दांडा वाकलाय का बघितलं. सरळ होता. मग बटाट्यांवर संशय घेतला. कोल्ड स्टोरेजचा बटाटा कधी कधी दगा देतो, म्हणून नगरच्या मार्केटमधून ताजे बटाटे पिशवीत घालून नेले. माझेही बटाटे तुटले. पट्टी एकीकडे जाड, एकीकडे कागदासारखी पातळ, आणि पातळ जागी हमखास तुटणार. काढलेल्या ब्लेडवर नख फिरवून बघितलं, तर धार अशी की नखाचा कीस निघाला. ब्लेड बोथट असतं तर मी त्याला दोष देऊन मोकळा झालो असतो. तरी दर वेळी नवं ब्लेड बसवलं की दिवसभर झकास चालायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मशीन कुणी उघडलं का, ठोकलं का, कुणी हात लावला का, हे मी प्रत्येक खेपेला विचारलं. आशाताई नाही म्हणायच्या. त्यांचे मिस्टर भागवत बाजूला उभे असायचे, तेही मान हलवायचे. दोघंही खोटं बोलणारी वाटत नव्हती.

दुसऱ्या खेपेलाच आशाताईंनी चहा देताना सगळं सांगितलं होतं. दोघं नवरा-बायको दर वर्षी दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे जायचे. तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढवायचं काम बायकांचं. त्यात त्यांची कंबर गेली. डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली. म्हणून त्यांनी हे मशीन घेतलं. गाडा चालला तर त्या या वर्षी गावातच राहणार होत्या. नाही चालला तर टोळीचा मुकादम आला की उचल घ्यायची, म्हणजे हंगामाचे पैसे आगाऊ घ्यायचे, आणि कंबर बांधून पुन्हा मोळ्या उचलायच्या. हे सगळं त्यांनी अगदी सरळ आवाजात सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

डबा तसाच ठेवून मी आमच्या निखिलशेठना सांगायला गेलो. निखिलशेठ म्हणजे मालकांचे चिरंजीव, वय माझ्या मुलाएवढं. ते म्हणाले, "काका, मशीन परत करायचंय त्यांना. बहाणे आहेत हे. सारखी ब्लेडं देत बसलो तर कसं व्हायचं?"

मी म्हणालो, बहाणा करणारा माणूस बटाटे फुकट घालवत नाही.

"मग ही शेवटची खेप. चौथं ब्लेड द्या, आणि त्यानंतर नाही."

फोन ठेवताना आशाताई म्हणाल्या होत्या की उद्या सकाळीच मुकादम यायचाय, आणि यांनी त्याला शब्द देऊन टाकला तर मग मशीन नीट होऊन तरी काय उपयोग. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पहाटेच गाडीला किक मारली. नेहमी मी अकराच्या सुमारास पोहोचायचो. त्या दिवशी पोहोचलो तेव्हा गावात नुकतं उजाडत होतं, बायका पाण्याच्या टाकीवर हंडे घेऊन चालल्या होत्या.

भागवत ओट्यावर बसले होते. मांडीवर फडकं, फडक्यावर आमचं ब्लेड, हातात कानस. ऊसतोडीच्या कोयत्याला लावतात ती लांब कानस. या अंगाने चार हात मारायचे, ब्लेड उलटायचं, त्या अंगाने चार हात मारायचे. इतकं मन लावून चाललं होतं की माझी गाडी थांबली तरी त्यांनी मान वर केली नाही.

मी ओट्याच्या कडेला बसलो. पाय दुखत होते म्हणून नाही. एकदम सगळं लक्षात आलं.

आता हे जरा समजावून सांगतो. कोयत्याला दोन्ही अंगांनी धार असते, कारण तो वरून घाव घालायचा असतो. आमचं ब्लेड तसं नाही. ते सुताराच्या पटाशीसारखं असतं. एक अंग सपाट, दुसरं उतरतं, आणि धार फक्त उतरत्या अंगाला. सपाट अंग बटाट्याला टेकून सरळ चालतं, म्हणून पट्टी सारख्या जाडीची निघते. सपाट अंगालाही कानस मारली की ब्लेडला टेकायला जागाच राहत नाही. मग ते बटाट्यात कधी आत घुसतं, कधी बाहेर येतं. धार मात्र उत्तम असते. मीच नख फिरवून पास केली होती ती.

"भागवतराव, हे रोज करता तुम्ही?" मी विचारलं.

"व्हय की. रोज सकाळी."

"मी इतक्यांदा विचारलं, मशीनला कुणी हात लावला का म्हणून."

ते गोंधळले. "मशीनला न्हाईच लावला साहेब. धुवायला पातं काढत्यात तवा तेवढी धार लावतो. बिनधारीचं हत्यार घिऊन कामाला जात्यात व्हय कुठं?"

आवाज ऐकून आशाताई बाहेर आल्या. मी त्यांना ब्लेड दाखवलं, दोन्ही अंगं दाखवली, पिशवीतल्या नव्या ब्लेडशेजारी धरून दाखवलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता भांडण होणार, आणि सकाळी सकाळी दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मला सांगायचं तरी."

"त्यात काय सांगायचं," भागवत म्हणाले. मग खाली बघत, कानस फडक्यात गुंडाळत बोलले, "पातं बोथट असलं की हँडल फिरवाया जोर लागतोय. तिच्या कमरेला जोर नको, म्हून लावत हुतो. तुटायला लागलं तशी आनखी लावली. म्हनलं, धार कमी पडत आसंल."

मला फार वाईट वाटलं. रागवणार होतो, निदान दोन शब्द सुनवणार तरी होतो, आणि सुनवण्यासारखं काही उरलंच नाही. बायकोची कंबर वाचावी म्हणून हा माणूस रोज पहाटे तिचंच मशीन बिघडवत होता, आणि जितकं बिघडेल तितकी जास्त मेहनत घेत होता.

नवं ब्लेड मी बसवलं. आशाताईंनी बटाटा काडीला लावला, हँडल फिरवलं, आणि अखंड पट्टी निघाली. त्यांना आनंद झालेला दिसला नाही. पहिल्या दिवशी ते नेहमीच चालत होतं.

तेवढ्यात मुकादमाची जीप दारात उभी राहिली. मुकादम म्हणजे तोडणीवाल्या मजुरांची टोळी जमवून कारखान्याला पुरवणारा माणूस. हे मुकादम त्यांच्याच भावकीतले, वयस्कर, बोलायला बरे. खुर्चीवर बसले, पाणी प्याले, माझी चौकशी केली. मग भागवतांना म्हणाले, "बोल बाबा. कोयता धरू का अर्धा?"

तिकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. अर्ध्याला उचल निम्मी, शिवाय त्याला दुसरा अर्धा जोडून द्यायची मुकादमाला वेगळी डोकेदुखी.

आशाताईंनी दुसरा बटाटा लावला आणि हँडल फिरवलं. पट्टी पुन्हा अखंड निघाली. त्यांनी ती काडीवर ताणून पसरली आणि परातीत ठेवली. मुकादम बघत होते. त्यांच्या कानावर गाड्याची रड आधीच आली असावी.

"आज चालतंय," ते म्हणाले. "उद्या पुन्हा तुटलं म्हंजी? मंग माझ्याकडं येताल, तवा माझी टोळी भरलेली आसंल. मला न्हाई घेता यायचं."

त्यात खोटं काहीच नव्हतं. मी मध्ये तोंड घालणार होतो, पण मी कोण? माझी नोकरी केडगावात, संध्याकाळी मी घरी जाणार. आशाताई परातीकडे बघत उभ्या होत्या. यात त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

"उद्या न्हाई तुटायचं," भागवत म्हणाले. "उद्या म्या त्याला कानस लावनार न्हाई." आणि जरा थांबून, "अर्धा धरा."

आशाताई पटकन आत गेल्या. चहाचं भांडं वाजल्याचा आवाज आला, पण चहा यायला बराच वेळ लागला.

मुकादम गेल्यावर मी भागवतांना ओट्यावरच शिकवलं. सपाट अंगाला कधीच काही लावायचं नाही. उतरत्या अंगाला बारीक दगड, तोही आठवड्यातून एकदा आणि हलक्या हाताने. धार लावूच नका असं मी मुद्दाम म्हणालो नाही, कारण त्यांनी ते ऐकलं नसतं. आधीची खराब झालेली ब्लेडं मी शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ग्राइंडरवर सपाट करून दिली. थोडी झिजली, पण चालण्यासारखी झाली. निखिलशेठ म्हणाले की त्यांनीच खराब केलं, म्हणजे वॉरंटी संपली. मी म्हणालो, आपल्या माहितीपत्रकात कुठलं अंग सपाट ठेवायचं हे लिहिलेलं दाखवा. ते सगळं इंग्रजीत होतं, आणि तिथेही लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही प्रत्येक मशीनवर मराठी स्टिकर लावायला लागलो. ते कुणी वाचत नाही. म्हणून आता कम्प्लेंटला गेलो की मशीनला कुणी हात लावला का असं मी विचारत नाही. सकाळी उठल्यापासून घरात काय काय करता ते विचारतो. लोक वैतागतात, पण सांगतात.

दिवाळीनंतर महिनाभराने आशाताईंचा फोन आला. नाव दिसल्याबरोबर मी कम्प्लेंटचं रजिस्टर पुढे ओढलं, पेन उघडलं आणि काय झालं म्हणून विचारलं. काही झालं नव्हतं. भागवत श्रीगोंद्याकडे उसाच्या फडावर होते, चुलतभावाबरोबर जोडी लावून, आणि कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, स्वतःच्या हाताने भाकरी थापत होते. त्या करपतात म्हणे. जाताना आशाताईंना एका अंगाने धार लावायला शिकवून गेले होते. गाडा चालू होता.

"मग फोन कशासाठी केलात?" मी विचारलं.

"नीट हाय, एवढंच सांगाया केला. तुमी लई येळा आलता."

इतक्या वर्षांच्या सर्व्हिसमध्ये मशीन नीट चाललंय हे सांगायला मला आलेला तो पहिला फोन. रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नाही. मी पेन बंद केलं आणि पुढच्या कम्प्लेंटला निघालो.