पाय टाकणं बंद झालं तेव्हा

भावाची मुलगी तीन आठवड्यांची होती तेव्हा मी तिला काखांत हात घालून उभं धरलं. तळवे सतरंजीला टेकले आणि ती एकेक पाय उचलून पुढे टाकू लागली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पांढुर्ण्याला खोली करून राहते, विषय गृहविज्ञान. नवजात बाळाची ही हालचाल आम्हाला नुकतीच शिकवली होती. कॉलेज मध्य प्रदेशातलं, पुस्तक हिंदीत, त्यामुळे घरी सांगायला धड शब्द सापडेना.

"कशी पाय टाकून राहिली पाहा!" वहिनी हसली. "बापाच्या आधी हेच बाजाराले जाईन."

मी मोबाइलवर व्हिडिओ काढून वर्गात दाखवला. मॅडमनी शाबासकी दिली. ते घरी येऊन सांगितलं, तिथं चुकलं असावं.

दोन महिन्यांनी बाळाने पाय टाकणं सोडलं. उभं धरलं की पाय नुसते दुमडायचे. मी वहिनीला सांगितलं, की ते जन्मासोबत येतं आणि मेंदू वाढू लागला की आपोआप जातं. खरं चालणं मागाहून, स्वतःच्या मर्जीने येतं.

"बाई, चालत होती थे बंद झाली, अन् तुमी म्हणता बरं झालं?"

"खरंच वहिनी."

"पूरा वर्ग पाहून राहिला होता माह्या पोरीले. मंग नजर नाही लागन?"

"आता डाक्टरीणबाईले इचारून नजर लागन का?" आई चुलीपासून माझ्याकडे पाहत म्हणाली. वहिनी हसली नाही.

त्यानंतर मी हात पुढे केला की बाळ झोपेला आलेलं असायचं, नाहीतर भुकेलं. तीन शनिवार असेच गेले. खोलीवर परतून मी तो धडा पुन्हा वाचला. माझं काही चुकलं नव्हतं. तरी करमत नव्हतं.

चौथ्या शनिवारी अंगणात चप्पल काढली, तर वहिनी माझ्या मागे वाकून माझ्या पावलाजवळची माती चिमटीत घेत होती. नजर उतरवायला, ज्याची लागली त्याच्याच पायाखालची माती लागते. मी पाहिलं म्हणून ती थबकली. मला पुन्हा समजावता आलं असतं. मी पाऊल उचललं.

"घे वहिनी."

मीठ-मोहरीत माती मिसळून तिने बाळावरून उतरवली आणि चुलीत टाकली. मग स्वतःच बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. ते चांगलं जड झालं होतं.

"आता येईन चालणं," वहिनी म्हणाली.

"येईल," मी म्हणाले. बाळ वर्षाचं झालं की ते येणारच होतं. आम्हा दोघींनाही खात्री होती. माझी कशामुळे, ते मी सांगितलं नाही.