बहिष्कार सर

वर्षातले तीन आठवडे सर चहा पीत नसत. अकरावीला अमेरिकेतल्या तेरा वसाहतींचं बंड शिकवायला घेतलं की स्टाफरूममधला करक, इथला कडक दुधाचा चहा, त्यांच्यापुढून तसाच परत जायचा. "चहाच्या पेट्या समुद्रात फेकणं एका रात्रीचं काम," ते म्हणत. "पुढे रोज सकाळी चहाशिवाय उठायचं, ते कठीण." त्यांच्या हाताखालचे आम्ही शिक्षकही त्यांना बहिष्कार सर म्हणायचो. मूळचे रत्नागिरीचे, दोहातल्या आमच्या भारतीय शाळेत एकोणीस वर्षं इतिहास शिकवत होते.

राजा, सेनापती, लढाया ते भराभर उरकत. "पुस्तकात आहे, वाचा. यल्ला, पुढे." थांबत ते स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याखाली सह्या करणाऱ्यांपाशी. "बंड फसलं असतं तर हीच फाशीची यादी झाली असती. माहीत होतं त्यांना."

मग गणिताच्या मॅडमची आई सांगलीला वारली. परीक्षा तोंडावर, म्हणून रजा नाकारली गेली. त्या दिवशीही मॅडम फळ्यापुढे उभ्या होत्या. सरांनी पत्र लिहिलं: घरात मृत्यू झाला तर रजा नाकारू नये. अबू हमूरला माझ्या घरी जेवताना त्यांनी ते वाचून दाखवलं आणि ताट सरकवून पहिली सही केली. मी म्हणालो, "सर, उद्या दुसरी माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्राचार्यांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. माझं काँट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं, मुलगी तिसरीत होती. सबब म्हणून सांगत नाही. डोक्यात तेव्हा एवढंच होतं. त्यांनी पुढे केलेल्या कागदावर मी सही केली. सर शिक्षकांवर दबाव आणतात, असं त्यात लिहिलं होतं. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

सरांचं काँट्रॅक्ट वाढवलं नाही. "खलास," एवढंच ते स्टाफरूममध्ये म्हणाले.

जायच्या आदल्या दिवशी ते टिपणांची फाइल घेऊन माझ्याकडे आले. "वर्ग आता तुझ्याकडे येणार. शेवटची चार पानं मी कधी शिकवली नाहीत रे. तू शिकव."

"कुठली, सर?"

"राजाच्या बाजूने राहिले त्यांची. गद्दार म्हटलं की आपण मोकळे. घाबरलेली माणसं होती. पोरंबाळं होती त्यांना." माझ्या मुलीने दारात येऊन सलाम केला, तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि निघाले. त्यांना ठाऊक होतं.

राजाच्या बाजूच्या कितीतरी लोकांना शेवटी देश सोडावा लागला होता. आमच्याकडे सोडावा लागला तो सरांना. गेल्या वर्षी ते गावी वारले. मी इथेच आहे; विभागप्रमुख झालो. सहा वर्षं तो धडा शिकवतोय.

यंदा एका मुलीने विचारलं, "सर, व्हॉट अबाउट द पीपल हू स्टेड विथ द किंग?"

"ते परीक्षेला नाही," मी म्हणालो आणि फळा पुसायला वळलो.