हशासाठी राखलेली जागा

चि. मीरा आणि ईशान, पणजोबांचा आवाज कसा होता, असं तुम्ही मागे फोनवर विचारलं होतंत. उत्तर आज लिहिते आहे, कारण काल मी त्यांना पडद्यावर पाहिलं.

माझे बाबा रंगभूमीवरचे विनोदी नट. त्यांच्या गाजलेल्या प्रहसनावरून एक मूकपट निघाला होता. नाटकात विनोद झाला की हशा ओसरेपर्यंत नट थांबतो. बाबा कॅमेऱ्यासमोरही तसेच थांबत. दिग्दर्शक वैतागून म्हणत, "अहो, थांबताय कोणासाठी? इथे प्रेक्षक कुठे आहेत?" बाबा म्हणत, "येतील की!" हा किस्सा ते जेवताना हमखास सांगायचे.

तो मूकपट हरवला, असंच आम्ही धरून चाललो होतो. त्याचं एक रीळ सापडलं, ते काल एका छोट्या सभागृहात दाखवलं. मला धास्ती होती की आजची मुलं हसणार नाहीत आणि बाबा तिथे नुसतेच ताटकळत राहतील. विसरभोळा नवरदेव झालेल्या बाबांनी भटजींच्याच गळ्यात हार घातला आणि भुवया उंचावून ते थांबले. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. सगळं सभागृह खळखळून हसलं. हशा ओसरला, तसे बाबांचे ओठ पुन्हा हलू लागले, जणू त्यांनी आम्हाला ऐकलं होतं.

आवाज राहिला नाही, बाळांनो. त्यांचं थांबणं मात्र शिल्लक आहे.