कोपऱ्यातलं कुत्रं

मोबाईलवरच्या एका मेंढीमुळे पुण्याच्या चार लोकांत माझं नाव झालं. ती मेंढी इतकी नजरेत कशी भरते, असं कोणी विचारलं तर मी रंगांबद्दल काहीबाही सांगून वेळ मारून नेते. खरं कारण आमच्या आबांचे डोळे आहेत. ते तेव्हा विझत चालले होते आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. घरात होतं तरी कोण म्हणा! आई गेली, माझं लग्न मोडलं आणि अंथुर्ण्याजवळच्या आमच्या वस्तीवर बाप-लेक असे दोघंच उरलो. एक तापट, दुसरी त्याहून तापट.

आबांनी उमेदीत मेंढरं राखली. कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचे. पुढे शेताला पाणी आलं, कळप विकला, ऊस लावला, दारात गाई बांधल्या. मी बारामतीत एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायचे. वाढदिवस, निवडी, भावपूर्ण श्रद्धांजली. तिथला नियम एकच: जागा मोकळी सोडायची नाही. खाली शुभेच्छुकांचे चेहरे ओळीने आलेच पाहिजेत. एखाद्याचा पुतण्या राहिला की तो दुकानात येऊन भांडणार. मेलेल्या माणसाच्या फ्लेक्सवरसुद्धा जिवंत माणसांचीच गर्दी जास्त. तिथेच माझा हात बसला आणि तिथेच तो बिघडला.

पुढे पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं काम घरबसल्या मिळालं. मोबाईलवरचा साधा कोड्याचा खेळ. रानात पांगलेली मेंढरं एकमेकांच्या वाटेत न येता वाघरीत कोंडायची. वाघर म्हणजे कळपाभोवती उभी करतात ती जाळी. खेळ तयार होता. स्टोअरमध्ये लोकांना आधी दिसतं ते चित्र, त्याचं कव्हर, तेवढं मी करायचं. मालक तरणा होता, मेंढरू त्याने बहुतेक ताटातच बघितलेलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला त्याच्या फोनवरून कळायचं.

पहिलं कव्हर मी सवयीने गच्च भरलं. अख्खा कळप, बाभळ, डोंगर, मावळता सूर्य, कोपऱ्यात राखणीचं कुत्रं आणि वर खेळाचं नाव सोनेरी, सावली टाकून. मालकाने फोन केला. "ताई, हे कोणाच्या वाढदिवसाचं आहे?"

मला राग आला. पण तो पुढे जे बोलला ते खरं होतं. हे चित्र फोनवर पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसणार. माणूस अंगठ्याने सरकवत जाणार, कोणासाठी थांबणार नाही. एकच जीव हवा, त्याच्या चेहऱ्यावर एकच भाव हवा आणि काहीतरी अडलंय, आपण सोडवलं पाहिजे, असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे. "घरातल्या कोणालाही दाखवा," तो म्हणाला. "नुसतं दाखवा आणि काढून घ्या. काय दिसलं ते विचारा. समजावून सांगू नका."

घरात आबा. चहा झाला की ते ओट्यावर बसायचे. मी फोन आडवा करून त्यांच्यासमोर हातभर अंतरावर धरायचे आणि लगेच मागे घ्यायचे.

"काय दिसलं?"

"मेंढरं. लय दाटी झालीया."

"आणि कुत्रं?"

"कुठलं कुत्रं? न्हाय बा कुत्रं."

"आबा, एवढं मोठं कुत्रं आहे कोपऱ्यात!"

"मला न्हाय दिसलं. काढून टाक. न दिसणारं कुत्रं काय कामाचं?"

मी काढलं. मग बाभळ काढली, कारण तीही त्यांना दिसली नव्हती. डावीकडचं मेंढरू गेलं, उजवीकडचं गेलं. प्रत्येक वेळी कडेला काही ठेवलं की आबा म्हणायचे, तितं कायच न्हाय. मला वाटायचं, बघणाऱ्याची नजर मधेच असते, कडेला कोण बघतंय! हे मी मालकालाही ऐकवलं, जणू माझाच शोध. शेवटी उरली एकच मेंढी, मधोमध, काळी, कपाळावर पांढरा चांद. मान वाघरीच्या जाळीत अडकलेली आणि डोळे थेट बघणाऱ्याकडे. ते चित्र धरल्याबरोबर आबा हसले. त्यांच्या कळपाच्या पुढे चालणारी मेंढी तशीच होती.

"ही माझी हाय," ते म्हणाले. "सोडीव की तिला."

मालकाने जुनं आणि नवं, दोन्ही कव्हरं स्टोअरवर लावून बघितली. लोक मेंढीपाशी थांबत होते. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी बारामतीहून पेढे आणले आणि पहिला आबांना दिला. त्यांनी हात पुढे केला तो पेढ्याच्या बाजूला, हवेत. मी त्यांचा हात धरून पेढा हातावर ठेवला.

असं बरंच काही चाललं होतं. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा थडकायचा. गाईच्या दाव्यात पाय अडकून ते एकदा शेणात पडले आणि गाईलाच शिव्या घातल्या. शेजारचे तात्या बाजूने आले तर आबांना कळायचं नाही, मग तात्या रुसायचे. दवाखान्याचं नाव काढलं की आबांचं उत्तर ठरलेलं.

"मोतीबिंदू हाय. पिकू दे. कच्चा आंबा कोन उतरवतं का?"

आमच्याकडे सगळे असंच करतात. मोतीबिंदू पिकू द्यायचा, ऊस तुटून कारखान्याला जाऊ द्यायचा, मग गावातले चार म्हातारे मिळून डोळे करून यायचं. तात्यांनी तसंच केलं होतं आणि ते आता पेपर वाचतात. म्हणून मीही आग्रह धरला नाही. ऊस गेला, रान मोकळं झालं, आणि मी आबांना बारामतीला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी एका यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवलं. हातात बटण दिलं. ठिपका दिसला की दाबायचं. यंत्रात ठिपके चमकत होते आणि आबा शांत बसून होते, बटणावर अंगठा ठेवून, आज्ञाधारक. मला वाटलं त्यांना समजलंच नाही. "आबा, दाबा की!" मी ओरडले.

"दिसंल तवा दाबतो की," ते म्हणाले.

मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू होता. बाई हळू आवाजात सांगत होत्या की यात नजर कडेकडेने जाते, मधली शेवटी जाते, म्हणून माणसाला स्वतःला कळत नाही. गेलेली परत येत नाही. आता मधे थोडी उरली आहे, ती थेंब घालून टिकते का बघायचं. "घरात काही लक्षात आलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं. मी कोपऱ्यातलं कुत्रं आठवत उभी राहिले. जे जे त्यांना दिसलं नाही ते ते मी पुसत गेले होते, आणि त्यालाच लोक चांगलं कव्हर म्हणत होते.

मला त्या चित्राची किळस आली. एसटीत आबांनी विचारलं, "पिकलाय का?" मी म्हणाले, "थेंब घालायचेत." घरी येऊन सगळं नीट सांगितलं. ते उठून गाईला वैरण टाकायला गेले. निम्मी वैरण गव्हाणीबाहेर पडली.

सकाळ-संध्याकाळ थेंब घालणं सुरू झालं. आबा बदलले ते एवढंच, की शिव्या कमी झाल्या. मला त्या शिव्या हव्या होत्या.

दिवाळीच्या आधी मालकाला नवं कव्हर हवं होतं. मेंढी लोकांनी खूप बघितली, या वेळी कुत्रं घेऊ, तो म्हणाला. मी राखणीचं कुत्रं रंगवलं. पिवळंधमक, जीभ बाहेर, कान टवकारलेले. कडेला काहीच नाही. अख्खा पडदा कुत्र्याने भरला होता.

चहा झाल्यावर सवयीने मी फोन आबांपुढे धरला. या वेळी लगेच मागे घेतला नाही. त्यांनी तो हातात घेतला, जवळ नेला, मान तिरकी केली, लांब धरला.

"बेस झालीया मेंढी," ते म्हणाले. "चांद बी उठलाय."

मी त्यांच्या हातातल्या फोनवरच्या पिवळ्या कुत्र्याकडे बघितलं.

"कुत्रं घालनार हुतीस न्हवं ह्या टायमाला?"

"घातलंय, आबा."

"मंग कोपऱ्यात असंल. कोपऱ्यातलं मला दिसत न्हाय, तुला ठावं हाय."

"व्हय आबा," मी म्हणाले. "कोपऱ्यातच हाय."