आधीच लागलेले दिवे

माझं काम चुका शोधण्याचं. हिंजवडीतल्या एका कंपनीत, दुसऱ्यांनी बनवलेली सॉफ्टवेअरं लोकांच्या हातात पडण्याआधी मी वापरून बघतो आणि ती कुठे अडतात, कुठे बंद पडतात ते कळवतो. दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार मिळतो असं पुण्यात सांगितलं की समोरचा म्हणतो, "त्याला पगार कशाला? आम्ही फुकटच करतो."

या धंद्याचा तोटा असा की माणूस घरीही तपासत सुटतो. आमच्याकडे नवी वस्तू आली की ती आधी माझ्या हाताखालून जाते, मग घरच्यांना मिळते. कुकर आला तर मी नुसतं पाणी घालून शिट्ट्या ऐकत बसतो. छत्री आली तर बाथरूममध्ये शॉवरखाली ती उघडून उभा राहतो. बायको याकडे एखाद्या सौम्य आजाराकडे बघावं तसं बघायची.

मुलगी दुसरीत जाणार होती तेव्हाची गोष्ट. सोसायटीतल्या तिच्या मैत्रिणीकडे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आला होता. मैत्रीण तो कुणाच्या हाती देत नसे. बघू मात्र द्यायची. आमची मुलगी जिन्यात तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बघत बसायची आणि घरी येऊन गंभीरपणे सांगायची, "आज आम्ही खूप खेळलो."

ते 'आम्ही' बायकोला लागलं.

"वाढदिवसाला तिला तिचा स्वतःचा घेऊ या," ती म्हणाली. "पण नीट बघून घे. मारामारी नको, इंटरनेट नको, मध्येच पैसे मागणारं काही नको. लहान आहे ती."

'नीट बघून घे' हे तिने मला सांगायला नको होतं.

मी शनिवारमागून शनिवार दुकानं पालथी घातली. एकाची बटणं इतकी बारीक की मुंगीला बरी पडतील. एकात बंदुका. एक म्हणे शैक्षणिक होता. त्यात उत्तर चुकलं की असा काही आवाज यायचा की मला माझ्या गणिताच्या बाई आठवल्या आणि मी तो घाईघाईने परत दिला. एकात शेकडो खेळ भरले होते, पण निम्म्यांत तीच मोटार रंग बदलून पळत होती. शेवटी स्कूटर लांब लावून, कसबा पेठेच्या गर्दीतून चालत एका छोट्या दुकानात पोचलो. तिथेही मी एकेक यंत्र चालू करायला लावलं, आवाज कमी-जास्त करून बघितला, खेळ मध्येच बंद केला तर पुढे कुठून सुरू होतो ते विचारलं. दुकानदारांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं.

"खेळणार कोण आहे? तुम्ही की मुलगी?"

"मुलगी."

"मग तिला आणा. तुम्हाला दाखवता दाखवता सगळ्यांचं चार्जिंग उतरलं."

"नाही, तिला सरप्राइज द्यायचंय."

"बरं. मग तुम्हीच खेळा," असं म्हणून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

पण तिथेच मला हवा तो मिळाला. लहान हातात मावणारा, गोल कडांचा. त्यात एक गोगलगाय होती, तिच्या पाठीवर कंदील. अंधारातल्या गावांमधून तिला न्यायचं. ती गावात पोचली की एकेका खिडकीत दिवा लागायचा, आणि सगळ्या खिडक्या उजळल्या की एक म्हातारी दार उघडून हात हलवायची. मरणं-बिरणं काही नाही. गोगलगाय पडली तर शंखात शिरायची, दम खाऊन पुन्हा निघायची. मी खूश झालो. आजही म्हणतो, वस्तू मी चांगली निवडली होती.

वाढदिवस लांब होता, म्हणून खोका ऑफिसच्या बॅगेत लपवला. आणि कंपनीची बस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा मनात आलं, बघू तरी. पुढे फार अवघड होत नाही ना? मुलगी कुठे अडकून रडायला लागली तर? पहिलं गाव उजळलं. मग दुसरं. मग रोजच. शेजारी बसणारा सहकारी चढताच विचारायचा, "सर, काल कुठल्या गावापर्यंत आलो?" एकदा तर स्वारगेटला अख्खी बस रिकामी झाली तरी मी मान खाली घालून बसलेलो. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, उतरताय, का माझ्याबरोबर परत हिंजवडीला येताय?"

वाढदिवसाच्या आधी मी सगळी गावं उजळून टाकली. एकही चूक सापडली नाही. स्क्रीन पुसली, यंत्र खोक्यात घातलं, झाकण पहिल्यासारखं चिकटवलं. मन इतकं भरून आलं होतं, जणू मुलीच्या वाटेतले काटेच वेचले.

तिने खोका उघडला तेव्हा आधी किंचाळली, मग जपून सोफ्यावर बसली. यंत्र चालू केलं. काळ्या डोंगरांवर सगळी गावं लखलखत होती.

"बाबा, हे दिवे कुणी लावले?"

"मी!" मी म्हणालो. अभिमानाने म्हणालो, हे लपवत नाही.

तिने गोगलगाय एका गावात नेली. म्हातारीने हात हलवला. दुसऱ्या गावात नेली. तिथेही तेच.

"मग मी काय लावू?"

बायको केक कापायची सुरी हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. आमच्यात एरवी अरे-तुरे चालतं. ती म्हणाली, "अहो, केकही चाखून बघितला असेल ना आधी?"

मी म्हणालो, सोपं आहे, पुसून टाकू आणि पहिल्यापासून सुरू करू. त्या खेळात एकाच जणाचा डाव जपून ठेवायची सोय होती. ही गोष्ट मी तपासली होती, फक्त तिचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता.

"नको," मुलीने यंत्र छातीशी धरलं. "ते लोक परत अंधारात जातील."

मग ती त्या उजळलेल्या गावांतून नुसतीच फिरू लागली. जिन्यात मैत्रिणीने विचारलं, "तू यात करतेस काय?" मी भाजीची पिशवी घेऊन वर येत होतो. मुलगी म्हणाली, "मी सगळे ठीक आहेत ना ते बघते." मैत्रीण आपल्या खेळाकडे वळली. आमची मुलगी पुन्हा तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बसली.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. एके दिवशी ती शाळेत असताना मी यंत्र काढलं आणि सगळं पुसलं. एकदा सुरू झालं की विसरेल, असा माझा हिशेब.

संध्याकाळी ती धावत आली. "बाबा, सगळ्यांची लाइट गेली!"

"लोडशेडिंग असेल," मी म्हणालो. मला वाटलं हसेल.

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "तू विझवलेस."

"अगं, तुझ्यासाठीच! आता तू लाव ना सगळे."

"मी नको म्हटलं होतं."

तिने ते लावले. पण गृहपाठ उरकावा तसे, जेवणाच्या टेबलाशी ताठ बसून. गाव उजळायचं, म्हातारी दारात यायची, आणि तिने हात हलवायच्या आत मुलगी पुढच्या गावाला निघालेली असायची. कुठे अडली तर मला विचारायची, "इथून कसं जायचं?" आणि मला सगळं माहीत असायचं. शेवटचं गाव उजळल्यावर तिने यंत्र बंद केलं आणि माझ्या हातात दिलं.

"झालं. आता यात काही करू नकोस."

त्यानंतर ती ते खेळली नाही. तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं, निदान मला समजूत काढता आली असती.

आता ती आठवीत आहे. परवा तिला नवा गेम घ्यायचा होता. कुठला, हे तिचं आधीच ठरलं होतं. दुकानाच्या पायऱ्यांशी म्हणाली, "बाबा, तू खालीच थांब." मी स्कूटरपाशी थांबलो. ती पिशवी घेऊन खाली आली आणि मागे बसली.

"दाखव ना."

"माझा खेळून झाल्यावर."

घरी आल्यावर तिने खोलीचं दार लोटून घेतलं. मी आणि बायको स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. आतून बटणांचा आवाज, मग शांतता, मग ती मोठ्याने हसली. "अरे! असं आहे होय!"

"जा ना," बायको म्हणाली. "विचार काय झालं ते."

मी उठलो, दारापर्यंत गेलो. काहीतरी पहिल्यांदा सापडल्यावर तिचा चेहरा कसा होतो, ते मला बघायचं होतं. दार नुसतंच लोटलेलं होतं, बोटानेही उघडलं असतं. आत ती पुन्हा हसली.

मी परत येऊन बसलो आणि पुढची शेंग उचलली.