मुंग्यांनी टाकलेला धान

डोमाजींनी उभ्या आयुष्यात कुणाला सहजासहजी पास केलं नाही. जवाहरनगरच्या कारखान्यात चौतीस वर्षं ते तपासणीला होते. समोर आलेला नग उचलायचा, गेज लावायचं, बसला तर पास, नाही बसला तर लाल खूण करून बाजूला. नोकरीपुरतं ते ठीकच होतं, त्याचा पगार मिळत होता. पण हा माणूस ती लाल खूण रोज संध्याकाळी फॅक्टरीच्या बसमधून घरी घेऊन यायचा. भात मोकळा नाही, रिजेक्ट. पडदा आखूड, रिजेक्ट. लेकीला, प्रतिक्षाला, आलेली दोन चांगली स्थळं एकाचं नाक वाकडं आणि दुसरा बोलताना पाय हलवतो एवढ्यावरून रिजेक्ट. तिसरं तिने स्वतःच ठरवलं आणि बापाला फक्त तारीख कळवली, तेव्हा तिच्या आईला मनातून फार बरं वाटलं.

तिची आई म्हणजे तुळसा. चाळीस वर्षं ती या माणसाचा संसार करत होती आणि त्यांच्याबद्दलचं तिचं मत दहाव्या वर्षीच पक्कं झालं होतं. दुसऱ्याच्या मालातली खोट काढण्यापलीकडे यांना काही येत नाही. दुधावर लक्ष ठेवता येत नाही, सिलिंडर लावता येत नाही, आजारी माणसाजवळ दोन घटका गप्प बसता येत नाही. हे ती तोंडावर बोलत नसे. ते बोलायला लागले की ती सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसे आणि निवडता निवडता ‘हं’ म्हणत राही. त्या ‘हं’मध्ये काय काय भरलेलं आहे, हे डोमाजींना कधी कळलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी अड्याळला घर बांधलं. तिथे तपासायला नग नव्हते आणि शेजारी काही ऐकून घेईनात. मग दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, अंगणातल्या दिव्याखाली त्यांना पंख झडलेली एक मोठी काळी मुंगी सापडली. ती राणी निघाली. मोबाईलवर चार व्हिडिओ बघून डोमाजींनी तिला काचेच्या नळीत ठेवलं, मागे ओल्या कापसाचा बोळा लावला, आणि महिनाभर त्या नळीवर टॉवेल टाकून घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही असा हुकूम काढला. घरात बोलायला होतं कोण? ते आणि तुळसा.

पुढे राणीला पिलं झाली, पिलांची फौज झाली. या मुंग्या साखरेच्या मागे लागणाऱ्या नव्हत्या, दाणे गोळा करणाऱ्या होत्या. डोमाजींनी पीओपीची पेटी ओतली, तिच्यात खोल्या कोरल्या, वर काच बसवली आणि काचेवर लाल कागद, कारण लाल उजेड मुंग्यांना दिसत नाही म्हणे. पेटीसमोर एक उघडा ट्रे, मुंग्यांना हिंडायला. ट्रेच्या काठाला आतून अंगाची पावडर, चढू पाहणारी मुंगी घसरून खाली पडावी म्हणून. पावडर अर्थात तुळसाची. दोन वर्षांत तिच्या अंगाला लागली नसेल तेवढी पावडर त्या ट्रेला लागली.

“पाह्य तुळसा, काय शिस्त हाय. यायले कोनाले काई सांगा लागत नाई,” ते म्हणत.

“हं,” तुळसा म्हणे. तिलाही चाळीस वर्षांत कुणी काही सांगितलेलं नव्हतं. चूल, लेक, सासू, सगळं न सांगताच झालं होतं. पण ती काचेखाली राहत नसल्यामुळे ते कुणाच्या नजरेस पडलं नव्हतं.

तुळसाचं स्वतःचं असं या घरात एकच होतं. स्वयंपाकघराच्या फळीवर, कडुनिंबाचा पाला घालून, तोंडाला फडकं बांधून ठेवलेलं एक लहान मडकं. त्यात दोन ओंजळी धान. करडीला तिच्या माहेरी हा धान तिची आई लावायची. बारीक दाणा, टोकाला काळा ठिपका, आणि वास असा की बांधीत, धानाच्या शेतात, उतरलं की अंगाला लागायचा. त्याला नाव नव्हतं, घरात सगळे ‘वासाचा धान’ म्हणत. आई गेली, भावाने पाकिटातलं बियाणं धरलं, गावात इतर कुणाकडे तो उरला नाही. तुळसा मात्र दरवर्षी जूनमध्ये करडीला जायची, भावाच्या बांधीच्या एका कोपऱ्यात रोपांसाठी पऱ्हे टाकायची, रोवणीला पुन्हा जायची, कापणीला पुन्हा. चांगले दाणे निवडून मडक्यात ठेवायची. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हाही तिने एक साल चुकवलं नाही. डोमाजींनी हे सगळं बघितलं होतं. बघितलं म्हणजे, ‘एवढ्याशा धानासाठी बसचे हेलपाटे’ एवढं त्यावर बोलले होते.

या वर्षी एप्रिलमध्ये ती नागपूरला गेली, प्रतिक्षाच्या बाळंतपणाला. दोन महिन्यांनी परतली ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. घराची जी दशा असायची ती होतीच. तिने पिशवी ठेवली, पाणी प्यायलं आणि आधी फळीवरचं मडकं उतरवलं, दोन दिवसांनी करडीला जायचं होतं. मडकं हलकं लागलं. फडकं सोडलं तर आत कडुनिंबाचा पाला होता आणि बाकी काही नव्हतं.

“मडक्यातला धान कुठी गेला?”

“कोनता? तो बारीक?” डोमाजी पेटीजवळून न उठता म्हणाले. “तो मुंग्याईले घातला.”

“सगळा?”

“एकदम नाई वो. रोज चिमूट चिमूट. बाजारचा माल घेतच नोहत्या त्या. बाजरी नाई, राळा नाई. हा टाकला अन् पाच मिनटात ट्रे साफ! ए वन माल होता तुळसा. एक बी दाना रिजेक्ट नाई.”

चाळीस वर्षांत तिच्या हातच्या एखाद्या गोष्टीला त्यांनी पहिल्यांदाच ए वन म्हटलं होतं, आणि ती गोष्ट मुंग्यांना घातली होती. तुळसाला त्यांचा राग आला नाही, राग यायला समोरच्याकडून काही अपेक्षा असावी लागते. तिला आईचे हात आठवले, सुपावर धान पाखडणारे.

ती पेटीजवळ गेली आणि तिने लाल कागद उचलला. काचेखाली तीन खोल्या दाण्यांनी गच्च भरलेल्या होत्या. काळे ठिपकेसुद्धा दिसत होते. म्हणजे खाऊन संपले नव्हते!

“काढा ते,” ती म्हणाली.

“अवं, कॉलनी डिस्टर्ब होईन. आन् काढून काय करशीन? ते काई उगवनार नाई आता.” मग त्यांना माहिती सांगायचा नेहमीचा जोर चढला. “लय हुशार असते हे जात. दाना आत नेला का पयले त्याची कोंबाची जागा कुरतडून टाकते. उगवला त कोठार खराब होईन ना! पाह्य म्हंजे अक्कल केवढी.”

सांगून झाल्यावर, आपण काय सांगितलं ते त्यांच्याही ध्यानात आलं असावं. कारण ते ट्रेच्या काठावरची पावडर बोटाने नीट करू लागले.

तुळसाने विश्वास ठेवला नाही. त्यांचं सांगणं ऐन मोक्याला खोटं निघतं, असा तिचा अनुभव होता. तिने काच सरकवली, चमच्याने दाणे उपसले, मुंग्या मनगटाला चावल्या त्या झटकल्या. दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ उबेला ठेवले. एक दिवस गेला, दोन गेले. भावाचा फोन आला, “ताई, आमचे पऱ्हे टाकून झाले, तू कई येतं?” तिने परवा सांगितलं. चौथ्या दिवशी फडकं सोडलं. एका दाण्यालाही मोड नव्हता. एक दाणा चिमटीत धरून उजेडात पाहिला तर टोकाशी बारीकसा खळगा होता. मग दुसरा, तिसरा, सगळे तसेच. या खेपेला मात्र नवऱ्याचं म्हणणं खरं निघालं होतं.

ती फडकं घेऊन परसात गेली, न्हाणीच्या सांडपाण्याजवळ टाकायला. डोमाजी मुंग्यांचा कचरा तिथेच फेकत. कोंडा, मेलेल्या मुंग्या, टरफलं, त्याचा एक लहानसा ढीग झाला होता. ढिगातून हिरवे कोंब वर आले होते, चार-चार बोटं उंच.

गवत असेल, तुळसाच्या मनात आलं. धानात उगवणारं गवत लहानपणी हुबेहूब धानासारखं दिसतं, भले भले फसतात. ती उकिडवी बसली. पान खोडाला जिथे चिकटतं तिथे तिने नखाने हळूच उघडून पाहिलं. पांढुरका पापुद्रा होता, बारीक केस होते. त्या गवताला ते नसतात. तिने पानाचं टोक खुडलं, बोटांत चोळलं आणि नाकाशी नेलं.

तोच वास होता. तुळसा सांडपाण्याच्या कडेला चिखलात बसली आणि रडली, अगदी आवाज करून रडली.

आवाज ऐकून डोमाजी आले. “काय झालं? चावल्या काय?” मग त्यांनी कोंब पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. “हे? हे त टाकाऊ हाय. मी मे महिन्याच्या आखरीले लग्नाले गेलो होतो ना दोन दिवस, तवा जाताना पेटीत पानी जास्त झालं माह्याकडून. एका खोलीत ओल गेली, कुरतडाचे राह्यलेले दाने फुगले, काईले कोंब फुटले. मुंग्याईनं सगळे बाहेर फेकले. मी उचलून इथं टाकले. रिजेक्ट माल हाय तो.”

तुळसाने पदराने तोंड पुसलं. पेटीत पाणी नीट घालता येत नाही म्हणून हा धान वाचला होता. एवढं एक काम जर या माणसाला धड जमलं असतं, तर काही उरलं नसतं.

“फुटका टब आना तो,” ती म्हणाली. “आन् चिखल आना तलावावरचा. चाळू नका, तपासू नका. निस्ता आना.”

त्यांनी आणला. चाळीस वर्षांत एका शब्दावर आणलेली ही पहिली वस्तू. तिने उलथन्याने एकेक रोप मुळासकट उचललं आणि टबात लावलं. एकोणीस भरली. डोमाजी वाकून पाहत होते.

“हे दोन पिवळे हायत. काढून टाक.”

“तुमी काई काढू नका,” तुळसा म्हणाली.

त्यातलं एक मेलं, दुसरं जगलं. दिवाळीनंतर अठरा रोपांच्या लोंब्या भरून वाकल्या. तिने त्या कात्रीने कापल्या, टॉवेलवर चोळल्या, उन्हात वाळवल्या. वाटीभर धान निघाला. पुढच्या साली करडीच्या बांधीच्या कोपऱ्याला पुरेल एवढा. मडकं आता फळीवर नव्हतं, तिच्या कपड्यांच्या ट्रंकेत होतं, आणि ट्रंकेला कुलूप होतं.

ती दाणे मडक्यात भरत होती तेव्हा डोमाजी समोर येऊन बसले. मुंग्यांसाठी मागायला आले होते हे तिने तोंडावरूनच ओळखलं. तिने राशनच्या तांदळाचा डबा पुढे सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. वाटीतून एक दाणा उचलला, उजेडात धरला, जुन्या सवयीने फिरवून फिरवून पाहिला आणि काहीतरी निकाल द्यायला तोंड उघडलं.

तुळसाने हात पुढे केला. “द्या तो इकडे.”

त्यांनी दाणा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो उलटून, टोकाशी नीट निरखून पाहिला, कोंबाची जागा शाबूत आहे याची खात्री केली, आणि मगच मडक्यात टाकला.