कापसाचा बर्फ

माझा नवरा युद्धाचे सिनेमे शेंगा खात बघतो. टीव्हीवर रणगाडे उडतात, माणसं कोसळतात, आणि हा टरफलं एका वाटीत नीट गोळा करत बसलेला असतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस म्हणून पाहुणेमंडळी सिनेमापेक्षा त्याच्याच तोंडाकडं जास्त बघतात. तो फार तर एवढंच म्हणतो, "एवढ्या बर्फात ह्यांच्या तोंडातनं वाफ कशी येत नाही?" आणि पुढची शेंग फोडतो.

उंब्रजजवळ, घराला लागूनच माझी पिठाची गिरणी आहे. दळण चालू असताना शेजारच्या खोलीत तो घोरत पडतो. दिवाळीचे फटाके, उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी, कशाचंच त्याला काही नाही. गिरणीवर येणाऱ्या बायका विचारायच्या, तुमचे फौजी दचकून उठतात का हो, सिनेमात दाखवतात तसं? मी सांगायची, आमचे उठवल्याशिवाय उठत नाहीत.

एकच गोष्ट होती. हौदातलं पाणी तळाला गेलं की मोटर हवा ओढायला लागते आणि पाइपातून गुळगुळ असा आवाज येतो. तो आला की हा भरल्या ताटावरून उठायचा. खरकट्या हातानं बटण बंद करून यायचा, आणि मग जेवण तसंच ठेवून बाहेर जाऊन बसायचा. मोटर जळेल म्हणून उठतो, असं मी समजत होते. मोटरीची काळजी मलाही असते, त्यामुळे त्यात मला काही वेगळं दिसलं नाही.

त्याचा पलटणीतला एक जिवलग मित्र सांगली जिल्ह्यातला होता. पेठ नाक्यावरून आत गेलं की त्याचं गाव. दोघं एकाच भरतीत लागलेले, वर बर्फातल्या ठाण्यावरही बरोबरच गेले. मित्र तिथंच वारला आणि शवपेटीबरोबर त्याच्या गावी यायचं काम माझ्या नवऱ्याकडं आलं. आमचं लग्न तेव्हा व्हायचं होतं, त्यामुळे तो दिवस मी पाहिलेला नाही. मित्राचं लग्न झालेलं नव्हतं, वडील आधीच गेलेले. मागं आई एकटी राहिली.

आमच्या भागात पितृपंधरवड्यात म्हाळ घालतात. गेलेल्या माणसाच्या जागी कुणाला तरी पितर म्हणून पाटावर बसवायचं, त्याला गंध लावायचं, त्याच्या पाया पडायचं आणि गेलेल्याच्या आवडीचं वाढायचं. पितराचं जेवण होईपर्यंत घरातलं कुणी घास घेत नाही. त्या आईनं पहिल्या वर्षापासून लेकाच्या पाटावर माझ्या नवऱ्याला बसवलं. नोकरीत होता तोवर रजा मिळाली तर तो जायचा. निवृत्तीनंतर एकही म्हाळ चुकला नाही. तो त्यांना आई म्हणतो, म्हणून मी आत्याबाई म्हणते, सासूला म्हणतात तसं.

जेवण झालं की आत्याबाई विचारायच्या, "जाताना काय म्हणला रं त्यो?" आणि नवरा सांगायचा. शत्रू चढून येत होता, गोळ्या संपेपर्यंत तुमचा लेक जागचा हलला नाही, छातीत गोळ्या लागल्यावर मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्यानं मूठभर बर्फ उचलून कपाळाला लावला आणि म्हणाला, आईला सांग, तिच्या लेकाच्या पाठीवर एकबी जखम न्हाई. आत्याबाई मान हलवायच्या, पदर नीट करायच्या आणि मग स्वतःचं ताट वाढून घ्यायच्या. मी तोवर खरकटं काढायला लागलेली असायची. नवरा हे दर वर्षी त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी थांबून सांगतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण एकच गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली की ती पाठ होणारच, असं मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी गणपतीत त्यांच्या गावच्या मंडळानं जिवंत देखावा करायचं ठरवलं. आमच्याकडं साताऱ्यापासून सांगलीपर्यंत या देखाव्यांचं वेड आहे. गावातलीच माणसं वेश करून स्टेजवर उभी राहतात, आवाज आधी भरून ठेवलेला असतो, त्यावर ओठ हलवायचे. मंडळानं विषय घेतला गावच्या शहीद जवानाचा, म्हणजे आत्याबाईंच्या लेकाचा. कार्यकर्ते त्यांच्या घरी जाऊन, चपला बाहेर काढून अदबीनं बसले आणि सगळं विचारून घेतलं. आत्याबाईंनी माझ्या नवऱ्याचेच शब्द सांगितले.

त्यातला एक जण खूश झाला. म्हणाला, "आज्जी, मग काम सोपं झालं. ह्यो सीन पिक्चरमदी जशाचा तसा हाय. आवाज तितनंच घिऊ." आणि त्यानं मोबाइलवर तो तुकडा लावून दाखवला. पिक्चरवाल्यांनी आपल्या गावातली गोष्ट उचलली, याचाच त्याला अभिमान वाटत होता. आत्याबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, पिक्चर कवाचा? त्यानं मोबाइलमध्ये शोधून सांगितलं. पिक्चर त्यांचा लेक जायच्या आधीचा होता. त्या पोरांना त्याचा अर्थ लागला नाही. आत्याबाईंना लागला. चहा पाजून त्यांनी पोरांना वाटेला लावलं.

हे मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. आम्हाला फक्त आरतीचं बोलावणं आलं होतं. जवानाचा मित्र म्हणून नवऱ्याच्या हस्ते आरती होती. आम्ही गेलो.

देखावा मंडळानं मन लावून केला होता, यात शंका नाही. थर्माकोलचे डोंगर, त्यावर पिंजलेला कापूस, धुराचं यंत्र, लाल दिवे. जवान झालेला माणूस कारखान्यात कामाला होता, भाड्याचा गणवेश त्याला पोटावर घट्ट होत होता. गोळीबार सुरू झाला तशी पुढं बसलेली लहान पोरं कानावर हात ठेवून हसायला लागली. मग तो माणूस पडला, त्यानं मूठभर कापूस कपाळाला लावला आणि सिनेमातल्या नटाचा भरदार आवाज घुमला. हिंदीत होता, पण शब्द तेच. आईला सांग. पाठीवर एकही जखम नाही.

मी नवऱ्याकडं बघितलं. तो स्टेजकडं बघत नव्हता. आरतीचं ताट मांडीवर घेऊन त्यातल्या निरांजनाच्या वाती सारख्या करत होता. टाळ्या पडल्या. बायकांनी डोळे पुसले. आत्याबाई पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताठ बसलेल्या होत्या. स्टेजवरच्या माणसाच्या कपाळाला घामानं कापूस चिकटला होता आणि तो काही केल्या निघत नव्हता.

निघताना आत्याबाई म्हणाल्या, "म्हाळाला येताय न्हवं?" दर वर्षी हे त्या नवऱ्याला विचारतात. या वेळी माझ्याकडं बघून विचारलं.

पेठ नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा मी सरळ विचारलं, "ते सिनेमातलं आहे?"

"हो."

"मग खरं काय?"

तो म्हणाला, चहा गार होतोय.

म्हाळ जवळ आला तसा गुडघा दुखतोय म्हणून निरोप धाडायचं त्यानं काढलं. मी गिरणीचा पट्टा बदलत होते. म्हटलं, "मग पाटावर कोण बसणार? सिनेमातला हिरो?" एरवी अशा टोमण्याला तो हसतो. या वेळी म्हणाला, "ती विचारणार. आणि खरं सांगितलं तर तिच्याकडं राहतंय काय?"

पण स्वयंपाक करून ठेवलाय आणि पाट रिकामा, हे मला पटेना. तिच्याकडं काय ठेवायचं ते तिला ठरवू दे, तू जेवायला चल, एवढं मी म्हटलं. आम्ही गेलो.

आत्याबाईंनी खीर, वडे, गवारीची भाजी, कढी असं सगळं केलं होतं. लेकाच्या आवडीचा दहीभात होता. कावळ्याचा घास स्लॅबवर ठेवून आल्या, नवऱ्याला गंध लावलं, वाकून पाया पडल्या. तो खाली मान घालून जेवला. त्याचं होत आलं तशा त्या समोर येऊन बसल्या. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

"गोळी कुठं लागली हुती माझ्या पोराला?"

"कुठंच न्हाई, आई."

"पाठीवर?"

"पाठीवर न्हाई, छातीवर न्हाई. अंगावर ओरखडासुदिक नव्हता."

मग त्यानं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अडखळत सांगताना ऐकलं. त्या दिवसांत शत्रू आलाच नव्हता. वर कामं म्हणजे फावड्यानं बर्फ सारायचा, तोच वितळवून प्यायचा, रॉकेलच्या शेगडीवर मोजे वाळवायचे आणि वाट बघायची, कशाची ते कुणाला माहीत नसायचं. मित्राला आधी खोकला झाला. मग उंचीवर होतं तसं छातीत पाणी झालं. खाली न्यायला हेलिकॉप्टर मागवलं, पण ढग हलेनात. आडवं केलं की तो गुदमरायचा. म्हणून माझा नवरा त्याच्या पाठीला पाठ लावून बसला, त्याला बसतं ठेवायला. ढग उघडले, हेलिकॉप्टर आलं, तोवर संपलं होतं. पाठीला पाठ होती, त्यामुळे शेवटी त्याचं तोंडही दिसलं नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "मग ते बर्फाचं?"

"ते त्यानंच केलं हुतं."

वर जायच्या आधी खालच्या छावणीत पडदा लावून तो सिनेमा दाखवला होता. इतक्या गोळ्या खाऊन माणूस एवढं भाषण कसं ठोकतो, म्हणून मित्र हसून हसून लोळला. त्यानंतर वरच्या तंबूत कुणाचं तोंड उतरलेलं दिसलं की तो ती नक्कल करायचा. मूठभर बर्फ कपाळाला लावून 'आईला सांग' म्हणत कुणाच्या तरी मांडीवर पडायचा आणि लगेच उठून चहा मागायचा. पेटी गावात आली त्या दिवशी माइक, घोषणा, सगळं गाव लोटलेलं, आणि आत्याबाईंनी नवऱ्याच्या गणवेशाची कॉलर धरून विचारलं, काय म्हणला माझा लेक?

"ती रात सोडून कायतरी आठवावं म्हटलं, आई. तर हेच आठवलं. त्येच्या तोंडचंच हुतं."

आत्याबाईंनी पदर नीट केला. मग म्हणाल्या, "कसा करायचा? दाखीव."

तो माझ्याकडं बघायला लागला. शेवटी त्यानं ताटातला दहीभात मुठीत घेतला, गंधावरच लावला, एक डोळा मिटला, जीभ बाहेर काढली आणि पाटावरच कलंडला. निम्मे केस पिकलेला, पोट सुटलेला माणूस.

आत्याबाई हसल्या. तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं हसल्या. "व्हय, आशीच जीब काढायचा. शाळंत धाडला की मेल्याचं सोंग घ्यायचा आन् आशीच जीब काढायचा." इतक्या वर्षांत मी त्यांचं हसू पहिल्यांदा बघत होते, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "आन् त्या राती? कायच बोलला न्हाई?"

"बोलता येत नव्हतं. नुसता श्वास."

"कसा?"

"ते नको, आई."

"इतकी वर्सं पिक्चर ऐकला. आता ह्येबी ऐकू दे."

कोपऱ्यात पाण्याचा मोठा तांब्याचा हंडा होता. नवरा त्याच्याकडं बघत म्हणाला, "कळशी आडवी बुडीवल्यावर आवाज येतोय, तसा. उजाडंपर्यंत. माझ्या पाठीत ऐकू येत हुता."

मला आमची मोटर आठवली. भरल्या ताटावरून उठणारा हा माणूस आठवला.

आत्याबाई उठल्या, त्यांनी ताट वाढून घेतलं आणि त्या जेवल्या. मी भांडी घासली. देखाव्याला बक्षीस मिळालं होतं, मंडळानं ती ढाल त्यांनाच आणून दिली होती. ती कपाटावर होती. मंडळाच्या पोरांना यातलं काही सांगायचं नाही, असं त्यांनी आम्हाला बजावलं. त्यांनी मन लावून केलं हुतं, म्हणाल्या.

घरी आल्यावर मी हौदाची मोटर आपोआप बंद करणारं यंत्र बसवून घेतलं. पाणी तळाला जायच्या आधीच ती थांबते. हे सुचायला मला इतकी वर्षं लागली, कारण कुणी कारण सांगितलं नव्हतं.

यंदा म्हाळाला गेलो. सगळं तसंच होतं, फक्त कोपऱ्यातला हंडा नव्हता. त्याच्या जागी तोटीची स्टीलची टाकी होती. मी ताटं मांडताना आत्याबाई तांब्या भरत होत्या. तांब्या तिरका करून त्यांनी तो तोटीला इतका लावून धरला होता की पाणी कडेनं उतरत होतं आणि जराही आवाज होत नव्हता. मी बघितल्याचं त्यांना कळलं. जेवणानंतर त्यांनी नवऱ्याला ती नक्कल परत करायला लावली आणि हसल्याही, पण हसताना त्यांची नजर टाकीच्या तोटीवर होती.

आता सिनेमा लागला की नवरा शेंगा खात बघतो, पहिल्यासारखाच. मोटरीचा आवाज बंद झाल्यापासून तो ताटावरून उठत नाही. परवा जेवताना गुळगुळ ऐकू आल्यासारखं वाटलं आणि मीच उठले. बाहेर जाऊन बघितलं. मोटर बंदच होती.